रांगेत उभं केलेलं रान

हार्झ ही उत्तर जर्मनीतली डोंगररांग. ब्रोकन हे तिचं सर्वांत उंच शिखर ११४१ मीटरचं, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा पाचशे मीटरनं कमी. वाफेच्या इंजिनाची एक छोटी गाडी वळणं घेत या शिखरावर जाते. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी तिच्या खिडकीतून दोन्ही बाजूंना स्प्रूसची गर्द, काळपट हिरवी झाडी दिसायची. २०१८ नंतरच्या चार-पाच वर्षांत त्यातली बहुतेक झाडं वाळली. साल गळून पडलेली करडी खोडं उतारच्या उतार व्यापून उभी राहिली. २०२२च्या उन्हाळ्यात या वाळक्या रानाला वणवाही लागला.

हे रान कशानं मेलं? उत्तर तयार असतं: हवामानबदलानं. ते खोटं नाही. १८८१पासून ठेवलेल्या जर्मनीच्या नोंदींत २०१८ हे तोवरचं सर्वांत उष्ण वर्ष ठरलं. त्यात पावसानं ओढ दिलेली, आणि पुढची दोन वर्षंही तशीच कोरडी गेली. पण याच उन्हाळ्यांत, याच डोंगरांवर बीच आणि मेपलची मिश्र झाडी जिथे होती, तिथे पानं अकाली गळली, शेंडे वाळले, काही झाडं मेलीही. तरी अख्खा उतार एका दमात मेला नाही. एकच ऊन दोन रानांवर दोन तऱ्हांनी पडलं. हा फरक समजून घ्यायचा तर हवामानाचे तक्ते पुरत नाहीत. या जमिनीवर आधीच्या तीनशे वर्षांत कुणी काय तोडलं आणि त्या जागी काय लावलं, हे पाहावं लागतं. माणसानं जंगल जसं घडवून ठेवलेलं असतं, त्यातल्याच कच्च्या दुव्यांवर हवामानबदल बोट ठेवतो.

माणसाचा हात लागला नसता तर जर्मनीचा बहुतांश भाग बीचच्या जंगलाखाली असता. बीच हा रुंद पानांचा, पानगळीचा वृक्ष. स्प्रूस हा थंडीचा आणि ओल्या हवेचा भुकेला. त्याची स्वतःची जागा उंच डोंगरावर. हार्झमध्ये साधारण आठशे मीटरच्या वर तो आपणहून वाढतो, त्याखाली तो बहुतेक ठिकाणी आणून लावलेला. तो खाली कसा उतरला, याची गोष्ट खाणींपासून सुरू होते.

हार्झच्या पायथ्याशी गोस्लार गावाजवळ रामेल्सबर्गची खाण आहे. तिथून हजार वर्षांहून अधिक काळ चांदी, तांबं, शिसं निघत होतं. खाणीला लाकूड लागतं. छत सावरायला टेकू हवेत, धातू वितळवायला कोळसा हवा, आणि सुरुंगाची दारू येण्याआधी कठीण खडक तडकवायलाही त्याच्यालगत आग पेटवावी लागे. हार्झप्रमाणेच सॅक्सनीतल्या खाणींच्या भोवतीचे डोंगरही उघडे पडले. सॅक्सनीतल्या फ्रायबर्गच्या खाणींचा कारभार पाहणाऱ्या हान्स कार्ल फॉन कार्लोविट्झ या अधिकाऱ्यानं १७१३ साली वनशेतीवर एक जाडजूड ग्रंथ लिहिला. वाढतं तेवढंच तोडा, तोडलं तिथे पेरा, हा त्याचा आग्रह. कार्लोविट्झ काही निसर्गप्रेमानं लिहीत नव्हता. लाकूड संपलं तर भट्ट्या विझतील, ही त्याची धास्ती होती. पण राज्यकर्त्यांच्या डोक्यात ‘उद्याचं लाकूड’ हा विचार रुजवण्याचं श्रेय त्याला द्यायलाच हवं.

मग पेरायचं काय? उघड्या, गुरांनी तुडवलेल्या उतारावर बीचचं रोप टिकत नाही. लहानपणी त्याला थोरल्या झाडांची सावली लागते आणि उशिराच्या हिमतुषारानं ते करपतं. स्प्रूसचं तसं नाही. त्याचं बी मुबलक, उघड्यावर ते चटकन जोम धरतं, टोचऱ्या सुयांमुळे जनावरं तोंड लावायला बिचकतात, आणि खोड सरळसोट वाढतं. त्या काळच्या वनपालांनी स्प्रूस निवडला, यात मला मूर्खपणा दिसत नाही. बोडक्या डोंगरावर पुन्हा सावली आणायची तर त्यांच्या हाताशी असलेलं सर्वांत खात्रीचं झाड तेच होतं.

चूक पुढच्या पायरीवर झाली. तातडीचा उपाय कायमचा नियम बनला आणि त्याला गणिताचं पाठबळ मिळालं. गेओर्ग लुडविग हार्टिग आणि हाइनरिख कोटा या दोघांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी वनशास्त्राला शिस्त लावली. ड्रेस्डेनजवळच्या थारांट इथे १८११ साली कोटानं सुरू केलेली वनशाळा पुढे जगप्रसिद्ध झाली. कल्पना मोहक होती. जंगलाचे शंभर सारखे तुकडे पाडा, एकात एक वर्षाची झाडं, दुसऱ्यात दोन, असं करत शंभराव्यात शंभर वर्षांची. दर वर्षी सर्वांत जुना तुकडा सफाचट तोडा आणि लगेच पुन्हा लावा. उत्पन्न कधीही खंडत नाही. यासाठी प्रत्येक तुकड्यात एकाच जातीची, एकाच वयाची झाडं असणं सोयीचं.

याच्यावर व्याजाचं गणित आलं. १८४९ साली मार्टिन फाउस्टमान यांनी वनजमिनीचं मोल चक्रवाढ व्याज धरून काढायचं सूत्र दिलं, आणि थारांटच्या माक्स प्रेसलर यांनी हा विचार हिरिरीनं पुढे नेला. आकडे मांडून पाहा. लागवडीला शंभर रुपये घातले आणि व्याज ३ टक्के धरलं, तर ८० वर्षांनी ते वसूल व्हायला सुमारे १,०६० रुपये मिळाले पाहिजेत. तेच झाड १६० वर्षं उभं ठेवलं, तर सुमारे ११,३०० रुपये. कोणता ओक इतका भाव देईल? या हिशेबात सावकाश वाढणारं प्रत्येक झाड तोट्याचं ठरतं आणि ८० ते १०० वर्षांत तोडीला येणारा स्प्रूस जिंकतो. शेतकऱ्यांच्या छोट्या खासगी वनांतही तो घराघरांत पोटाला भाकरी देणारं झाड म्हणून ओळखला जाऊ लागला. या गणितात हवेच्या बदलाला मुळीच जागा नव्हती: लावल्यापासून तोडीपर्यंत हवा तीच राहील, हे गृहीत धरलेलं होतं, आणि ते गृहीत आहे याचीही कुणाला जाणीव नव्हती.

इशारे मात्र वेळेवर मिळाले होते. म्युनिकचे प्राध्यापक कार्ल गायर यांनी १८८६ सालीच मिश्र जंगलाची बाजू घेणारं पुस्तक लिहिलं. १९२२ साली आल्फ्रेड म्योलर यांनी सफाचट तोड थांबवून सर्व वयांची झाडं एकत्र राखणाऱ्या अखंड जंगलाची कल्पना मांडली. पुढच्याच वर्षी आयलहार्ड वीडेमान यांनी सॅक्सनीत स्प्रूसमागून स्प्रूस लावलेल्या जमिनींवर वाढ मंदावल्याचं आणि कोरड्या वर्षांचा त्यांना जबर फटका बसल्याचं दाखवून दिलं. म्हणजे २०१८ची तालीम शंभर वर्षं आधी होऊन गेली होती, आणि तिचं टिपणही झालं होतं.

मग दुसरं महायुद्ध आलं. हरलेल्या जर्मनीतून दोस्तांनी नुकसानभरपाई म्हणून लाकूड नेलं. हार्झसह अनेक डोंगर पुन्हा उघडे झाले. तिथे रोपं लावली ती बहुतांशी बायकांनी. हातात कुदळ, वाकलेली पाठ, तुटपुंजी मजुरी. पश्चिम जर्मनीच्या ५० फेनिशच्या नाण्यावर गुडघे टेकून रोप लावणारी स्त्री कोरलेली होती, ती यांच्याच सन्मानार्थ. नाण्यावरचं रोप ओकचं आहे. डोंगरावर त्यांनी लावलं ते मुख्यतः स्प्रूस, कारण बी तेच मिळत होतं आणि पडझडीतून देश उभारायला लाकूडही तेच हवं होतं. २०१८ साली तीच रोपं साधारण सत्तर वर्षांची, भरल्या अंगाची झाडं झाली होती. एका वयाची, एका उंचीची आणि एका सवयीची.

आता ही झाडं प्रत्यक्ष मारणाऱ्या किड्याकडे वळू. युरोपातला साल पोखरणारा भुंगेरा जेमतेम पाच मिलिमीटर लांब असतो. तो या जंगलाचा जुनाच रहिवासी आहे आणि एरवी त्याची कामगिरी मोलाची असते: वादळात पडलेल्या किंवा अखेरच्या घटका मोजणाऱ्या स्प्रूसच्या सालीखाली शिरून तो त्यांचं मातीत रूपांतर सुरू करतो. आधी नर भोक पाडून आत एक लहानशी खोली कोरतो. त्याच्या अंगातून निघणाऱ्या वासानं माद्या येतात, तसेच इतर नरही येतात. प्रत्येक मादी सालीखाली उभं भुयार खणत जाते आणि दोन्ही कडांना अंडी घालते. त्यांतून निघालेल्या अळ्या आडवी भुयारं खणतात. झाडाचा अन्नरस पानांकडून मुळांकडे नेणारा थर सालीच्या लगेच आत असतो. भुयारांनी तो चहूबाजूंनी तुटला की मुळं उपाशी पडतात. भुंगेऱ्यांसोबत आलेली बुरशी लाकडात उतरून पाणी वर नेणाऱ्या नळ्या बंद करते आणि लाकडाला निळसर डाग पाडते. मजबुतीत फारसा फरक पडत नाही, पण भाव पडतो.

निरोगी स्प्रूस याला तोंड देतो ते राळेनं. भोक पडताच दाबाखालची राळ तिथून उसळते आणि भुंगेरा तिच्यात बुडून मरतो. पण राळ बनवायला साखर लागते, साखरेला हवेतला कार्बन डायऑक्साइड लागतो, आणि तो घेण्यासाठी पानांची छिद्रं उघडी ठेवावी लागतात. दुष्काळात छिद्रं उघडी ठेवली तर पाणी उडून जातं, म्हणून झाड ती मिटून घेतं. पाणी वाचतं, पण राळ आटते. स्प्रूसची मुळं, विशेषतः ओल्या वा चिकट जमिनीत, उथळ आणि पसरट असतात. वरची वीतभर माती कोरडी पडली की खालच्या ओलाव्यापर्यंत त्यांचा हात पोचत नाही. इकडे झाडाची ढाल अशी खाली येते, तिकडे उष्णता भुंगेऱ्याच्या पथ्यावर पडते. पूर्वी वर्षाला एक किंवा दोन पिढ्या व्हायच्या. उष्ण वर्षांत सखल भागात तिसरीही पुरी होते. संख्या एका मर्यादेपलीकडे गेली की मग दुबळं झाड शोधायची गरजच उरत नाही. हजारो भुंगेरे एकदम उतरले तर धडधाकट झाडाची राळही संपते.

आणि पुढचं झाड? मिश्र रानात शेजारी बीच असतो, मग मेपल, मग कुठेतरी स्प्रूस. भुंगेऱ्याला वास घेत हिंडावं लागतं आणि वाटेत पक्षी, शिकारी कीटक त्याला टिपतात. रांगेत लावलेल्या रानात शेजारी स्प्रूसच असतो, त्याच्या पलीकडेही स्प्रूस, सगळे एकाच जाडीच्या सालीचे. २०१८च्या जानेवारीत फ्रीडेरिके नावाच्या वादळानं जागोजागी झाडं आडवी केली होती. म्हणजे भुंगेऱ्यांना आधी आयतं खाद्य मिळालं, मग तीन कोरडे उन्हाळे मिळाले. उपग्रहचित्रांवरून केलेल्या मोजणीनुसार २०१८च्या आरंभापासून २०२१च्या एप्रिलपर्यंत जर्मनीतलं सुमारे ५ लाख हेक्टर वृक्षाच्छादन गेलं, म्हणजे देशाच्या वनक्षेत्राच्या जवळपास ५ टक्के. बाजारात लाकडाचा पूर आला, भाव कोसळले, ओंडके कंटेनरांत भरून चीनला गेले. तोडणीचा खर्चही निघेना, तेव्हा कित्येक छोट्या वनमालकांनी मेलेली झाडं तशीच सोडली. चक्रवाढ व्याजाच्या सूत्रात हा रकाना नव्हता.

हानी लाकडापुरती राहिली नाही. जर्मनीच्या चौथ्या राष्ट्रीय वनगणनेचे निष्कर्ष २०२४ साली आले. २०१२च्या गणनेत पहिल्या क्रमांकावर असलेला स्प्रूस आता पाइनच्या मागे गेला होता. त्याहून गंभीर गोष्ट अशी, की हवेतला कार्बन शोषून घेणारी ही जंगलं २०१७नंतरच्या काळात कार्बन सोडणारी ठरली. देशाच्या हवामानविषयक योजनांत जंगल जमेच्या बाजूला मांडलेलं होतं. तो आकडा पुसावा लागला.

या सगळ्याला उलट बाजूनं पारखणारा एक प्रयोग आधीच होऊन गेला होता. चेक सीमेवरचं बव्हेरियन फॉरेस्ट हे जर्मनीचं पहिलं राष्ट्रीय उद्यान, १९७० सालचं. १९८३च्या ऑगस्टमध्ये तिथे वादळानं मोठी पडझड केली. उद्यानाचे प्रमुख हान्स बिबेलरीटर यांचा आग्रह होता, की पडलेलं लाकूड उचलायचं नाही. बव्हेरियाचे मंत्री हान्स आयझेनमान यांनी तो मान्य केला. मग नव्वदीच्या दशकात भुंगेरा पसरला आणि उंचावरचे हजारो हेक्टर स्प्रूस वाळले. गावकरी संतापले. त्यांच्या आज्या-आजोबांनी राखलेलं रान डोळ्यांदेखत मरत होतं आणि अधिकारी हात बांधून बसले होते. मी त्या गावात राहत असतो तर मलाही हे सोसलं नसतं. पण दहा-पंधरा वर्षांत उभ्या-आडव्या मेल्या खोडांच्या मधून हेक्टरी हजारो रोपं वर आली. मेलेल्या खोडांची विरळ सावली जमीन तापू देत नव्हती, कुजत्या ओंडक्यांवर ओलावा टिकत होता, आणि आडव्या पडलेल्या लाकडांच्या गुंत्यात हरणांना शिरता येत नव्हतं. नवं रान पुन्हा मुख्यतः स्प्रूसचंच आहे, कारण ती उंची स्प्रूसचीच आहे. मात्र आता ते एका वयाचं नाही, एका रांगेतलंही नाही.

याचा अर्थ सगळं निसर्गावर सोडा, असा नाही. निम्म्याच्या आसपास जर्मन वनजमीन खासगी मालकांची आहे, आणि चारशे मीटरवरच्या उतारावर निसर्ग जे परत देतो तेही आजूबाजूला कुणाचं बी आहे यावर ठरतं. भोवती शंभर वर्षं स्प्रूसच असेल, तर बी त्याचंच येणार.

या कहाणीची एक शाखा थेट आपल्याकडे येते. बॉनचा वनस्पतिशास्त्रज्ञ डिट्रिख ब्रांडिस १८५६ साली ब्रह्मदेशातल्या पेगूच्या सागवनांवर नेमला गेला आणि १८६४ साली हिंदुस्थानचा पहिला वनमहानिरीक्षक झाला. त्याच्यामागून त्या पदावर आलेले विल्यम श्लिख आणि बर्थोल्ड रिबेनट्रॉप हेही जर्मनच. कूप म्हणजे तोडीचे तुकडे पाडणं, आवर्तन ठरवणं, दर काही वर्षांची कार्य आयोजना लिहिणं ही आपल्या वनखात्याची रोजची भाषा या परंपरेतून आली. ब्रांडिसनं स्वतः जंगल सफाचट केलं नाही. तो घेर मोजून निवडक साग तोडायचा. पण एका किमती झाडाभोवती अख्ख्या रानाचा हिशेब मांडायची दृष्टी मागे राहिली. १९७४ साली महाराष्ट्र वनविकास महामंडळ स्थापन झालं, आणि त्यानंतर विदर्भात ठिकठिकाणी मिश्र जंगल तोडून सागाची रोपवनं उभी राहिली. साग हा तिथलाच वृक्ष, तो काही स्प्रूससारखा परक्या उंचीवर नेलेला नाही, आणि पावसाळ्यात त्याच्या पानांची जाळी करणाऱ्या अळ्या सहसा त्याला मारत नाहीत. म्हणून हार्झची गत चंद्रपूरची होईल, असं म्हणणं उतावीळपणाचं ठरेल. पण त्या मिश्र रानातला मोह, तेंदू, ऐन, बिजा, चारोळी कोणत्या वर्षी कोणत्या संकटात रानाला तारून नेत होते, याचा हिशेब कूप पाडताना कुणी मांडला नव्हता. सुरुवातीची ती रोपवनं आज पन्नाशीला आली आहेत.

जर्मनीत आता जंगल पालटायचं काम चालू आहे. लोअर सॅक्सनीसारख्या राज्यांनी ते १९९०च्या दशकातच हाती घेतलं होतं, पण वनांचा वेग माणसाच्या दटावणीला जुमानत नाही. तीस वर्षांत जेवढं झालं त्याहून जास्त भुंगेऱ्यानं तीन वर्षांत केलं. लावायचं काय, यावर एकमत नाही. ज्या बीचवर भिस्त होती, त्याची जुनी झाडंही २०१८-१९मध्ये थुरिंगियातल्या हाइनिखसारख्या नावाजलेल्या बीचवनात वाळली. कुणी अमेरिकेतला डग्लस फर सुचवतं, कुणी तुर्की हेझल, कुणी लेबनॉनचा देवदार. कुणी म्हणतं, इथलाच ओक आणि सिल्व्हर फर, पण बी आणा दक्षिणेकडून. मला या शेवटच्या मताच्या बाजूला, आणि एकाच्या जागी चार जाती मिसळण्याच्या बाजूला, झुकावंसं वाटतं. पुढचं हवामान ठाऊक नसताना सगळी मदार एका झाडावर ठेवण्याचा परिणाम नुकताच दिसला आहे.

यात हरणांचाही प्रश्न आहे, आणि तोही व्यवस्थापनाच्याच इतिहासातून आलेला. शिंगांच्या शोभेसाठी शिकारीची हौस जोपासणाऱ्या जमीनदारांनी आणि कायद्यांनी हरणांची संख्या चढी ठेवली. हरणांना ओक आणि सिल्व्हर फरची कोवळी रोपं फार आवडतात, स्प्रूसची तितकी नाहीत. कुंपण नसेल तर लावलेली दहा जातींची रोपं दोन हिवाळ्यांत खाल्ली जातात आणि उरतो पुन्हा स्प्रूसच.

वेस्टफालियातल्या सॉअरलांडच्या टेकड्यांवर आज हाच प्रश्न आहे. २००७च्या किरिल वादळानं तिथली स्प्रूसची रानं आडवी केली होती, २०१८नंतरच्या दुष्काळानं उरलीसुरलीही नेली. मोकळ्या उतारांवर जुन्या झाडांच्या बियांतून स्प्रूसची रोपं दाट उगवली आहेत, फुकट आणि बिनकुंपणाची. मालकाला ठरवायचं आहे, की ती उपटून पदरमोड करून कुंपणाआड ओक लावायचा, की आलंय ते वाढू द्यायचं. भुंगेरा कोवळ्या स्प्रूसच्या वाटेला फारसा जात नाही, साल पुरेशी जाड व्हायला झाड साधारण पन्नास-साठ वर्षांचं व्हावं लागतं. आज राखलेली रोपं त्या वयाला पोचतील तेव्हा २०७५ किंवा २०८० साल असेल, आणि सॉअरलांडचा उन्हाळा २०१८च्या उन्हाळ्याहून किती तापलेला असेल, हे पुढच्या पन्नास वर्षांत आपण किती कोळसा आणि तेल जाळतो यावर ठरेल.